पवनेला ग्लॅम्पिंग: २१ हजार पाण्यात (आणि पाणी तर नव्हतंच)

खाडीपल्याड:

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते. चार दिवस झाले डोक्यातून जात नाहीये आणि घरात विषय काढला की नवरा म्हणतो झालं ना आता, सोड.

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत ठाण्याहून पवना लेकला ग्लॅम्पिंगला (म्हणजे हॉटेलसारख्या सोयींच्या तंबूत राहायला) गेलो होतो. आम्ही दोघं, दोन मुलगे (९ आणि ५), सासूबाई (७१, गुडघे दुखतात), नणंद, तिचे मिस्टर आणि त्यांची सातवीतली लेक, असे आठ जण. इन्स्टावर रील बघितलं होतं. पांढरा गोल डोम, समोरची अख्खी बाजू पारदर्शक, पलंगावर टॉवेलचा हंस, दारातून दोन पावलांवर पाणी आणि त्या पाण्यात तुंग किल्ला उलटा पडलेला. वर लिहिलेलं ‘लेक टच प्रीमियम फॅमिली डोम, एसी, अटॅच्ड वॉशरूम’. दोन डोमचे मिळून २१ हजार, त्यात चहा-भजी, बार्बेक्यू, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता. अर्धे पैसे आधी जीपे केले. खातं कुठल्या कॅम्पच्या नावावर नव्हतं, एका माणसाच्या नावावर होतं, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

पवनानगरला पोचून फोन केला तर बाईकवर एक पोरगा आला आणि आम्हाला भलत्याच कॅम्पवर घेऊन गेला, पाटीवर नाव वेगळं. म्हणे तोच ग्रुप आहे मॅडम. उरलेले पैसे गेटवरच घेतले, डोम दाखवायच्या आधी. इथेच मी गाढवपणा केला हे मला कळतंय, कृपया परत सांगू नका.

तर डोम. पाणी दिसत होतं पण लांब, मध्ये सगळा तडे गेलेला गाळ आणि त्यात म्हशी. थोरल्याने परत येताना पावलं मोजली, ३४० भरली. दुपारी साडेतीनला डोमची चेन उघडली तर कुकरचं झाकण काढल्यावर येते तशी वाफ तोंडावर आली. पारदर्शक बाजू बरोब्बर पश्चिमेला. एसी लावला, सात वाजले तरी आम्ही घामाने निथळतोय आणि एसी बिचारा आपला घरघरतोय. अटॅच्ड वॉशरूम म्हणजे डोमच्या मागे मातीत खणलेल्या पाच पायऱ्या उतरून पत्र्याची खोली, ती दोन डोममध्ये एक, आणि पायऱ्यांना धरायला काही नाही. सासूबाईंना एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने नणंद असं धरून न्यायचं, मोबाईलचा टॉर्च दातात.

मग पावणेआठला वळीव आला. वारा असा की डोमचं कापड ढोल वाजवल्यासारखं वाजत होतं, लाईट गेली, बार्बेक्यूच्या शेगड्या भिजल्या. शाकाहारी बार्बेक्यू म्हणून आधीच काय आलं होतं तर पनीरचे दोन तुकडे, कच्चा बटाटा आणि अननस. चेनच्या खालून पाणी आत आलं आणि मुलांच्या गाद्या (त्या जमिनीवर होत्या, ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणून पैसे घेतलेल्या) स्पंजसारख्या भिजल्या. जनरेटर आहे ना म्हटलं तर म्हणे त्याच्यावर एसी चालत नाही मॅडम, लोड येतो. पण पाऊस थांबला आणि त्याच जनरेटरवर डीजे चालू झाला! शेजारी पंधरा-वीस मुलांची बॅचलर पार्टी होती. पावणेदोनपर्यंत. दोनदा सांगायला गेलो, दहा मिनिटं आवाज कमी व्हायचा की परत तेच.

जेवणात लाल तेलाची पनीरची भाजी, सासूबाईंना ती खाववेना. वरणभात मिळेल का विचारलं तर मॅनेजर म्हणाला मेनू फिक्स आहे. स्वयंपाकघरात एक मावशी होत्या, त्यांनी हे ऐकलं आणि काही न बोलता स्वतःसाठी केलेलं पिठलं आणि तांदळाची भाकरी ताटलीत घालून आणून दिली, वर कांदा फोडून. अख्ख्या ट्रिपमधली तेवढी एकच गोष्ट चांगली झाली, आणि ती पॅकेजमध्ये नव्हती.

शेवटी सासूबाई आणि धाकटा रात्री दोन ते सकाळी सहा आमच्या अर्टिगात झोपले. २१ हजार भरून!

परत आल्यावर ज्याला पैसे दिले त्याला फोन केला तर म्हणतो ‘पाऊस निसर्गाचा भाग आहे मॅडम, कॅम्पिंग म्हटलं की थोडं ॲडजस्ट करावं लागतं’. कॅम्पवाला म्हणतो बुकिंग माझ्याकडे नाही, त्यांच्याशी बोला.

माझे प्रश्न: पैसे थोडे तरी परत मिळतील का, आणि कसे? आणि दुसरं म्हणजे हे सगळीकडे असंच असतं की आम्हीच फसलो? नणंद म्हणतेय दिवाळीनंतर परत ट्राय करू. मला तर तंबू या शब्दाचीच धडकी भरलीये.

तिखटमीठ:

हसून हसून पुरेवाट. टॉवेलचा हंस मिळाला का पण?

थट्टा सोडा. वाईट वाटलं वाचून, मावशींना मात्र साष्टांग दंडवत. पण एक विचारू का, राग मानू नका. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन मे महिन्यात तंबूत? याच पैशात लोणावळ्यात चार भिंतींची खोली, कमोड आणि लिफ्ट मिळाली असती. आम्हीही एकदा असेच गेलो होतो, पवनेला नाही, दुसरीकडे, आणि तेव्हा बाबा जे बोलले ते अजून दर दिवाळीला बोलतात: ‘घर बांधायला आयुष्य गेलं आणि आता पैसे देऊन झोपडीत झोपतोय’.

खाडीपल्याड:

हंस होता. भिजला.

सासूबाईंचं म्हणाल तर त्याच सगळ्यात उत्साही होत्या हो. बिल्डिंगमधल्या दोघी जाऊन आल्या होत्या ना! आणि मी फोनवर तीनदा विचारलं होतं की सीनियर सिटिझन आहेत, चालेल ना. ‘नो इश्यू मॅडम, फॅमिली कॅम्प आहे’.

नटबोल्ट:

डोमबद्दल थोडं सांगतो, माझा धंदा शेडचा आहे त्यामुळे कापड आणि पाईप यांच्याशी रोजचा संबंध.

हे डोम म्हणजे लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि वर पीव्हीसीचा कोट असलेलं कापड. समोरचा पारदर्शक भागही पीव्हीसीच. त्यातून ऊन आत येतं, आतली गादी-चटई तापते आणि ती उष्णता तशी परत बाहेर पडत नाही. भर उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी आठवा, तेच. भिंतीला जाडी नाही त्यामुळे एसीने गार केलेली हवा टिकत नाही. एसी बिचारा घरघरतोय म्हणालात ना, त्याचा दोष नाही, खोलीच्या हिशोबाने घेतलेला एसी पातळ कापडाच्या घुमटाला लावला तर तो करणार काय? आतून दुसरं अस्तर लावलं आणि वर गरम हवा जायला झडप ठेवली तर बराच फरक पडतो, पण अस्तराला पैसे लागतात आणि ते फोटोत दिसत नाही.

पारदर्शक बाजू पश्चिमेला का? तर त्यांच्या जागेवरून तलाव तिकडे आहे आणि सूर्यास्त विकायचा असतो. मे महिन्यात दुपारी तीन ते साडेसहा तुम्ही त्या सूर्यास्ताच्या आत बसलेले असता.

आणि हो, थंडीत उलटा त्रास. चार माणसं रात्रभर श्वास घेतात, बाहेर गार पडतं, वाफेचं पाणी होऊन आतल्या कापडावर जमतं आणि पहाटे टपटप अंगावर. लोकांना वाटतं गळतंय. साधा जाड कॅनव्हासचा तंबू, वरून दुसरी ताडपत्री आणि दोन्हीकडे जाळीच्या खिडक्या, हे दिसायला डोमइतकं भारी नसतं पण झोप लागते. बुकिंगच्या आधी आतल्या छताचा फोटो मागा. बाहेरचा फोटो सगळेच पाठवतात.

मावळचा_गडी:

नमस्कार ताई. मी तिथलाच, माझे स्वतःचे बारा तंबू आहेत (जाहिरात करत नाही, नाव सांगणार नाही). तुमचं वाचून लाज वाटली आणि थोडा रागही आला, दोन्ही लिहितो.

आधी पाण्याचं. पवना धरण पावसाळ्यात भरतं, ऑगस्ट-सप्टेंबरला बघाल तर पाणी पार काठाला, रील सगळे तेव्हाचे नाहीतर दिवाळीच्या आसपासचे. नंतर पाणी सोडत राहतात, खाली पिंपरी-चिंचवड त्याच्यावर जगतं, मे पर्यंत पाणी खोल जातं. मे महिन्यात ‘लेक टच’ म्हणणारा माणूस एकतर खोटं बोलतोय नाहीतर त्याने तळ्यात तंबू ठोकलाय. तुमच्या पोराने मोजलेली ३४० पावलं बरोबर असणार. अन एक हात जोडून सांगतो, त्या गाळातून पोरांना पाण्याकडे जाऊ देत जाऊ नका. वरून वाळलेला दिसतो, पुढं पाय रुतत जातो, आणि पाण्यात शिरलं की काठ एकदम तुटतो. पोहता येणारी जवान पोरं जातात हो दरवर्षी, पेपरात येतं अन लोक विसरतात.

आता बुकिंगचं. तुम्ही ज्याला पैसे दिले त्याचा कॅम्पच नाही. तो एजंट. पुण्या-मुंबईत बसून पेज चालवतो, चांगल्यातल्या चांगल्या कॅम्पचे फोटो लावतो, आणि शनिवारी ज्याच्याकडे जागा असेल तिकडं गाडी वळवतो. एकाच कॅम्पची पाच पेजं वेगवेगळ्या नावानं दिसतील. माझ्याकडं असा एजंट गिऱ्हाईक पाठवतो तेव्हा मला मिळतात निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून कमी. मग त्या पैशात जो देतो तो तसंच जेवण देतो. चूक आहे, पण गणित हे असं आहे. गिऱ्हाईक शिव्या देतं आम्हाला, एजंटला कोणी बघितलेलंच नसतं.

राग कशाचा, तर वरती कोणीतरी झोपडी म्हणालं. आमच्या आज्याची भातखाचरं याच धरणाच्या तळाला आहेत. वर काठाला जे उरलं त्याच्यावर आम्ही तंबू लावले, आधी नुसते झोपायचे तीनशे रुपयेवाले, मग हे ग्लॅम्पिंगचं फॅड आलं अन बाहेरची पैशेवाली माणसं जमिनी भाड्यानं घेऊन डोम ठोकायला लागली. तुम्हाला पिठलं देणारी मावशी आमच्यातलीच कोणीतरी असणार, तिला दिवसाची मजुरी मिळते तेवढीच.

डीजेचं: रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे, कॅम्प म्हणून वेगळी सूट नाही. मॅनेजर ऐकत नसेल तर सरळ ११२ लावायचा. एकदा गाडी येऊन गेली की पुढचे दोन शनिवार तरी सगळा काठ शांत असतो, अनुभव आहे.

चिंचवडकर:

सगळं वाचलं, छान चर्चा. माझा एक बारका प्रश्न. त्या पाच पायऱ्या खालच्या संडासाचं पाणी जातं कुठे? कारण आम्ही तेच पितो.

मावळचा_गडी:

दादा प्रश्न बारका नाही. माझ्याकडं सेप्टिक टँक आहे, काठापासून लांब, वरच्या अंगाला. सगळ्यांकडं आहे असं मी म्हणणार नाही.

चिंचवडकर:

आता पाणी उकळून पिणार, आणि वर फिल्टर.

दोन_शब्द_कामाचे:

पैशांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. वकील नाही, पण एकदा फर्निचरवाल्याविरुद्ध ग्राहक आयोगात गेले होते आणि जिंकले होते, त्यामुळे वाट माहीत आहे.

आज रात्रीच बसा आणि तो रील, त्याखालचं वर्णन, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं, जीपेची पावती, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. रील तर स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा, तक्रार केली की पहिलं तेच गायब होतं. भिजलेल्या गाद्यांचे, पायऱ्यांचे फोटो काढले असतील अशी आशा आहे. डीजेचा व्हिडिओ असेल तर त्यावरची वेळ बघा. ‘सीनियर सिटिझन चालतील का’ हे फोनवर विचारलंत, तिथे पुरावा नाही, पण आता मेसेज टाका की अमुक तारखेला फोनवर तुम्ही असं सांगितलं होतंत, त्यावर तो काय उत्तर देतो बघा. बऱ्याचदा मान्य करून बसतात.

एक लक्षात ठेवा, पाऊस पडला, लाईट गेली, म्हशी होत्या यावर भांडू नका. तिथे तो निसर्ग निसर्ग करत सुटेल. भांडायचं ते त्याने लिहून दिलेल्या शब्दांवर: लेक टच, एसी, अटॅच्ड वॉशरूम, आणि एका कॅम्पचा फोटो दाखवून दुसरीकडे नेलं यावर. जे कबूल केलं ते दिलं नाही, याला कायद्यात सेवेतली त्रुटी म्हणतात, आणि रील दिशाभूल करणारं होतं हा वेगळा मुद्दा.

आधी त्याला लेखी कळवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, रक्कम स्पष्ट लिहा. ‘योग्य ती भरपाई’ असलं काही लिहू नका, आकडा लिहा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार नोंदवा, फुकट आहे. तेवढ्यावरही पुष्कळ जण नरमतात. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे ठाण्यातच, मावळच्या वाऱ्या नकोत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, ऑनलाईन दाखल करता येते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. निकाल मात्र लगेच लागतो असं समजू नका, मला वर्ष-दीड वर्ष लागलं. कॅम्पवाल्यालाही पक्षकार करा, दोघं मग आपसात भांडतील.

तिखटमीठ:

वरच्या बाईंना माझ्याकडून एक डोम सप्रेम भेट.

आणि मावळच्या दादा, झोपडी शब्द बाबांचा होता, पण छापला मी, तेव्हा माफी.

मावळचा_गडी:

बाबांना घेऊन या कधी. जेवायला या, झोपायला नको.

खाडीपल्याड:

अपडेट द्यायचं राहिलं होतं, बरोबर तीन आठवडे झाले.

दोन_शब्द_कामाचे, तुम्ही सांगितलं तस्सं केलं. आकडा लिहिला: १२ हजार. पहिल्या नोटिशीला ‘सीन’ करून उत्तर नाही. १९१५ वर तक्रार टाकली आणि त्याचा नंबर त्याला पाठवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्वतःहून फोन, आवाज एकदम मधासारखा. आधी म्हणाला पुढच्या ट्रिपला पन्नास टक्के सूट देतो. मी म्हटलं भाऊ तुझ्याकडे मी फुकट सुद्धा येणार नाही. मग चार हजारांवर आला, मग सहा. मला पुढे भांडायचं होतं, नवऱ्याला नको होतं, आणि नणंदेचे मिस्टर म्हणाले घे आणि मोकळी हो. साडेसात हजारांवर मिटलं. पैसे आले खात्यात. हरले की जिंकले ते मला अजून ठरवता येत नाहीये.

रील अजून तसंच आहे म्हणे, माझ्याकडून मात्र ब्लॉक. मी खाली कमेंट टाकली होती की मे मध्ये इथून पाणी ३४० पावलं, ती त्याने अर्ध्या तासात उडवली.

गंमत म्हणजे सासूबाई. त्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगत सुटल्यात की पवनेला काय मस्त झोप लागली. अर्टिगात लागली हे सांगत नाहीत. आणि त्या पिठल्यात ओवा होता की नव्हता यावर आमच्याकडे दोन रविवार वाद चालू आहे, दोनदा करून झालं, तसं होत नाही.

मावळचा_गडी, तुम्हाला निरोपातून मेसेज केलाय. नणंद ऐकत नाही, नोव्हेंबरात जायचंच म्हणतेय. डोम नको, कॅनव्हासचा तंबू चालेल. आतल्या छताचा फोटो पाठवा. आणि खरं सांगा, बाथरूमला पायऱ्या किती?

मावळचा_गडी:

दोन. मोजून आलो आत्ता. धरायला बांबू लावलेला आहे, आजी येणार असतील तर दोन्ही बाजूला लावतो. नोव्हेंबरात तंबूपासून पाणी साधारण साठ पावलं.

खाडीपल्याड:

कोणाची पावलं? तुमची की नऊ वर्षांच्या पोराची?